चपळाईचा ताळेबंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले आणि घराघरांत वाद सुरू झाले. ते शमतात न शमतात तोच जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे आणि रविवारीही काम करण्याचे विधान बाहेर आले. दोन्ही वेळा भरपूर लिहिले-बोलले गेले. कुणी देशप्रेमाचा दाखला दिला, कुणी रक्तदाबाचा. पण या सगळ्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ज्या संगणक-उद्योगाच्या अंगणात हा वाद पेटला, त्या उद्योगाने गेली वीस-पंचवीस वर्षे कामाची जी पद्धत डोक्यावर घेतली आहे, तिच्या मूळ नियमांमध्ये आठवड्याला ४० तास काम, असा एक स्पष्ट नियम होता. केंट बेक या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९९ साली आपल्या पुस्तकात तो घातला. एखाद्या आठवड्यात जादा वेळ थांबावे लागले तर लागले. पण लागोपाठ दुसऱ्या आठवड्यातही थांबावे लागत असेल, तर दोष माणसांत नसून कामाच्या आखणीत आहे, असे त्याचे म्हणणे होते.

या पद्धतीच्या कुळाला 'अजाईल' असे नाव पडले आहे. अजाईल म्हणजे चपळ. हा शब्द आता मराठी घरांना नवा राहिलेला नाही. मुलगा, सून, मुलगी, जावई यांपैकी कुणीतरी हिंजवडीत किंवा ऐरोलीत कामाला आहे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करते आहे, अशा घरांत 'स्प्रिंट', 'बॅकलॉग', 'स्टँडअप' हे शब्द भाजी-आमटीइतके रुळले आहेत. 'स्टँडअप चालू आहे' म्हटले की मिक्सर लावायचा नाही, एवढे आजीलाही ठाऊक असते. पण ही मुले नेमके काय करतात, रात्री साडेनऊ वाजता कोणापुढे हजेरी देतात, आणि चपळाईची पद्धत वापरूनही इतकी दमलेली का दिसतात, हे मात्र घरातल्यांना कळत नाही. पुष्कळदा त्यांनाही सांगता येत नाही.

मी संगणकतज्ज्ञ नाही. पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंतचे स्थित्यंतर मी काउंटरच्या आतून पाहिले आहे, आणि या पद्धतीविषयी वाचू लागल्यावर तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मला अगदी ओळखीची वाटली. ती गोष्ट वेगाची नाही. चूक झाल्यापासून ती कळेपर्यंत किती काळ जातो, याची आहे.

रोजची रोकड आणि तिमाहीचा ताळा

बँकेत रोख रक्कम रोज संध्याकाळी जुळवली जाते. शंभर रुपयांचा फरक असला तरी कॅशियर घरी जात नाही. त्याच दिवशीची व्हाउचरे समोर असतात, आलेली माणसे आठवत असतात. त्यामुळे फरक बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सापडतो. लेजरच्या काळात खात्यांचा ताळा मात्र एवढा नियमित नसे. महिन्याने, तिमाहीने, आणि जिथे काम थकलेले असेल तिथे त्याहून उशिरा 'बॅलन्सिंग' होई. तेव्हा निघालेला फरक शोधायला माणसे रविवारी बसत. फरकाला नऊने भाग गेला की कुठेतरी ४५ चे ५४ झाले असणार, ही त्या काळातली आमची विद्या. चूक तीच, शंभर रुपयांचीच. पण त्याच दिवशी कळली तर अर्धा तास, आणि तीन महिन्यांनी कळली तर तीन रविवार.

संगणक-प्रणाली तयार करण्याची जुनी रीत ही तिमाहीच्या ताळ्यासारखी होती. आधी ग्राहकाकडून सर्व गरजा लिहून घ्यायच्या. त्यावर सह्या व्हायच्या. मग आराखडा, मग प्रत्यक्ष लेखन, मग चाचणी, आणि सर्वांत शेवटी ग्राहकाच्या हाती वस्तू. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडावे, पण वर चढू नये, तशी ही रचना. म्हणून तिला 'वॉटरफॉल', धबधबा, असे नाव मिळाले. गंमत अशी, की विन्स्टन रॉईस यांनी १९७० साली ज्या निबंधात या रचनेची आकृती काढली, त्याच निबंधात त्यांनी हेही बजावले होते, की अशा सरळ उतरत्या पद्धतीत धोका आहे, कारण चाचणी शेवटी येते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच राहिला.

उशिराचा अर्थ काय, ते एका साध्या उदाहरणाने सांगते. एका बँकेत नवी प्रणाली आली तेव्हा खाते उघडताना जन्मतारीख भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नसे. शहरात बसून हा नियम करणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. पण आमच्या तालुक्याच्या शाखेत येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांना आपली जन्मतारीख ठाऊकच नव्हती. शाळेत गेलेल्यांची गुरुजींनी एक जून लावून दिलेली. न गेलेल्यांची तीही नाही. रांग वाढू लागली तसा कर्मचाऱ्यांनी त्यावर तोडगा काढला, एक जानेवारी. काही महिन्यांत गावेच्या गावे एक जानेवारीला जन्मलेली झाली. पुढे ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजाचा प्रश्न आला तेव्हा हा घोळ निस्तरायला किती कागद आणि किती हेलपाटे लागले, ते त्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. प्रणाली करणारा माणूस पहिल्या पंधरवड्यात, अर्धवट का होईना, तो पडदा घेऊन आमच्या काउंटरवर तासभर बसला असता, तर हे त्याला पहिल्या दहा गिऱ्हाइकांतच कळले असते.

जपानी कारखाना ते अमेरिकी डोंगर

या विचाराचे एक मूळ संगणकात नाही, मोटारींच्या कारखान्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी उत्पादनाची नवी घडी बसवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढे उचलते तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, हे तत्त्व त्यांनी कारखान्यात आणले. पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल करून ढीग लावायचा नाही. त्यासाठी वापरायच्या चिठ्ठीला जपानीत 'कानबान' म्हणतात. याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे, दोष दिसला तर साध्या कामगारालाही दोरी ओढून सगळी ओळ थांबवण्याचा अधिकार होता. साहेबाची परवानगी लागत नसे. या दोरीकडे पुन्हा यावे लागणार आहे, म्हणून ती लक्षात असू द्यावी.

१९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवी वस्तू लवकर कशी तयार करतात, याचा तो अभ्यास होता. रिले शर्यतीत एक जण धावून दुसऱ्याच्या हाती दांडी देतो आणि आपण बाजूला होतो. या कंपन्यांचे गट मात्र रग्बीसारखे, चेंडू आपसात देत-घेत एकत्र पुढे सरकतात, असे त्यांनी म्हटले. रग्बी न पाहिलेल्या वाचकांनी कबड्डीतली साखळी डोळ्यांसमोर आणावी. एकाने हात सोडला की चढाईवाला निसटलाच. रग्बीतल्याच एका रचनेवरून 'स्क्रम' हा शब्द आला, आणि जेफ सदरलँड व केन श्वाबर यांनी १९९५ साली त्या नावाची कामाची पद्धत संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत मांडली. त्याच सुमारास, १९९६ पासून, केंट बेक क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रणालीवर आपले प्रयोग करत होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरावरच्या ठिकाणी, असे निरनिराळे प्रयोग करणारे सतरा जण जमले. सतराही पुरुष होते, हेही नोंदवून ठेवते. तिथे त्यांनी एक छोटासा जाहीरनामा तयार केला. त्याचा आशय असा: पद्धती आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू मोलाची, करारावरून घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाबरोबर मिळून काम करणे मोलाचे, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देणे मोलाचे. दुसऱ्या बाजूच्या गोष्टी निरुपयोगी आहेत असे त्यांनी म्हटलेले नाही, त्या दुय्यम आहेत एवढेच म्हटले आहे. पण पुढे पुष्कळ ठिकाणी 'आम्ही अजाईल आहोत' याचा अर्थ 'आम्ही काही लिहून ठेवत नाही' असा सोयीस्कर लावला गेला.

पंधरवड्याचा संसार

आता ही पद्धत प्रत्यक्षात चालते कशी? तिचे अनेक पोटभेद आहेत, पण सर्वांत जास्त चालणारा 'स्क्रम' घेऊ.

गट लहान असतो. साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी माणसांचा. त्यातला एक जण ग्राहकाच्या वतीने बोलतो आणि कोणते काम आधी, कोणते नंतर, हे ठरवतो. त्याला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात. मराठीत आपण कारभारी म्हणू. त्याच्याकडे कामांची एक यादी असते, तीच 'बॅकलॉग'. ही यादी वाण्याच्या यादीसारखी नसते. तीत सर्वांत निकडीचे काम सर्वांत वर, आणि क्रम कधीही बदलता येतो. दुसरा असतो 'स्क्रम मास्टर'. नावात मास्टर असला तरी तो साहेब नव्हे. गटाच्या वाटेतले अडथळे दूर करणे आणि पद्धत नीट पाळली जाते ना हे पाहणे, एवढे त्याचे काम.

कामाचा काळ छोट्या तुकड्यांत तोडलेला असतो. तुकडा जास्तीत जास्त महिन्याचा, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा. हाच तो 'स्प्रिंट'. सुरुवातीला गट यादीच्या वरच्या टोकाकडून आपल्याला झेपेल तेवढे काम उचलतो. 'झेपेल तेवढे' हे कोण ठरवणार? तर काम करणारेच. रोज पंधरा मिनिटे सगळे भेटतात. पुष्कळ ठिकाणी उभ्यानेच, म्हणजे बोलणे लांबत नाही, म्हणून 'स्टँडअप'. काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले आहे, एवढेच बोलायचे. ही बैठक साहेबाला हिशेब देण्यासाठी नसते, एकमेकांना अडचण सांगण्यासाठी असते.

पंधरवड्याच्या शेवटी दोन बैठका होतात. पहिलीत झालेले काम ग्राहकाला चालवून दाखवायचे. 'नव्वद टक्के झाले' ही भाषा इथे चालत नाही. 'झाले' म्हणजे काय, याची व्याख्या आधीच ठरलेली असते आणि तीत चाचणीही येते. शिंप्याकडे ट्रायलला गेल्यावर बाही घट्ट आहे हे तिथल्या तिथे कळते, तसा हा प्रकार. दुसरी बैठक गटापुरती. या पंधरवड्यात आपण काम कसे केले, काय बिनसले, पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलायची, याचा तीत विचार होतो. मला स्वतःला ही दुसरी बैठक या सगळ्याचा प्राण वाटते, आणि घाई झाली की सर्वांत आधी तिलाच कात्री लागते, असे या क्षेत्रातली मुले सांगतात.

यात अगदी अपूर्व असे काही आहे का? मराठी वाचकाला तरी तसे वाटू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः लिहिली. ज्यांनी क्रमशः कादंबरी लिहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की तीन प्रकरणे छापून झाल्यावर वाचकांची पत्रे येतात आणि आपण ज्याला दुय्यम समजत होतो ते पात्र लोकांना जवळचे वाटते आहे, हे कळते. मग चौथे प्रकरण त्या जाणिवेने लिहिले जाते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. पूल अर्धा बांधून लोकांना चालून दाखवता येत नाही. धरणाची भिंत पंधरवड्या-पंधरवड्याने मत घेऊन उभारता येत नाही. जिथे काय हवे ते आधीच नक्की सांगता येते आणि मागे फिरणे फार महाग पडते, तिथे जुनी, टप्प्याटप्प्याची, सह्या-शिक्क्यांची पद्धतच बरी. ज्या कामात काय हवे हेच काम करता करता कळत जाते, तिथे चपळाई उपयोगी.

दोन सरकारी कहाण्या

पद्धत खरी की खोटी, हे मोठ्या संकटातच कळते. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर असे उघड झाले, की या संस्थेची कागदपत्रे आणि तिचे संगणक पार जुनाट झाले आहेत. 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची नवी प्रणाली करायला घेतली; १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. २००६ मध्ये 'सेंटिनल' हा दुसरा प्रकल्प लॉकहीड मार्टिन कंपनीकडे सोपवला. चार टप्पे, ४२.५ कोटी डॉलर, २००९ अखेर पूर्ण, असा तो बेत होता. ऑगस्ट २०१० पर्यंत सुमारे ४०.५ कोटी डॉलर संपले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते. याच रीतीने पुढे गेल्यास आणखी किमान सहा वर्षे आणि ३५.१ कोटी डॉलर लागतील, असा अंदाज बाहेरच्या तज्ज्ञांनी दिला.

तेव्हा एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतले. कंपनीची सुमारे २२० माणसे होती, ती ४० वर आणली. स्वतःची ३० होती, ती १२ केली. उरलेले काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पाडले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चालणारी वस्तू दाखवण्याची सक्ती केली. ही जादूची कांडी नव्हती. ठरलेली मुदत पुन्हा चुकली, मधल्या एका मोठ्या चाचणीत प्रणाली बंद पडली. पण १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सर्वांसाठी सुरू झाले. २०१४ साली महानिरीक्षकांच्या अहवालात तिच्यातल्या शोध-सुविधेबद्दल तक्रारी नोंदल्या गेल्या. तरी कामावर तिचा एकंदर परिणाम चांगला झाल्याचे बहुतेक कर्मचाऱ्यांनी सांगितले.

माणसे कमी करून काम पुढे कसे सरकले? माझा अंदाज असा, की अडीचशे माणसांत अडचण लपवायला जागा पुष्कळ असते; पन्नास माणसांत आणि पंधरा दिवसांत ती फार काळ लपत नाही.

आता दुसरी कहाणी. ब्रिटनने अनेक सरकारी भत्ते एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' ही योजना आखली आणि तिची संगणक-प्रणाली अजाईल पद्धतीने करण्याचे ठरवले. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. ३.४ कोटी पौंडांचे काम तोवर निकामी ठरवावे लागले होते. त्या खात्याला एवढ्या मोठ्या कामात ही पद्धत वापरण्याचा फारसा अनुभव नव्हता. आणखी एक निरीक्षण त्या अहवालात होते. तिथले वातावरण किल्ल्यासारखे बंदिस्त झाले होते आणि चांगल्याच बातम्या वर जात होत्या. म्हणजे पद्धत नव्या नावाची, पण दोरी ओढण्याची सोय नाही.

बँकांनी काय केले

माझ्या जुन्या व्यवसायातली उदाहरणे पाहिली तर हा ताळेबंद आणखी स्पष्ट होतो. नेदरलँड्समधल्या आयएनजी या मोठ्या बँकेने २०१५ साली आपल्या मुख्यालयातल्या सुमारे साडेतीन हजार माणसांची जुनी खाती मोडली आणि नऊ-नऊ जणांचे सुमारे साडेतीनशे गट केले. विपणन, उत्पादन, संगणक यांची माणसे एकाच टेबलाभोवती आली. ग्राहकाला त्याचा फायदा झाला, असे बँकेने सांगितले. पण या उलथापालथीत प्रत्येकाला आपल्या जागेसाठी नव्याने अर्ज करावा लागला, आणि जवळजवळ ४० टक्के लोक पूर्वीपेक्षा वेगळ्या जागी गेले. पुढच्याच वर्षी त्या बँकेने संगणकीकरणाच्या मोठ्या योजनेसह सुमारे सात हजार नोकऱ्यांवर परिणाम होईल, असे जाहीर केले. अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेने जानेवारी २०२३ मध्ये याहून सरळ घाव घातला. 'अजाईल' या नावाचा जो नोकऱ्यांचा वर्ग होता तोच रद्द केला. अकराशेहून अधिक जागा गेल्या. ही कामे आता अभियंते आणि उत्पादन-व्यवस्थापक आपल्या नेहमीच्या कामातच करतील, असे कारण दिले गेले.

यातून दोन्ही टोकांचे निष्कर्ष काढले गेले. काहींनी 'अजाईल मेले' म्हटले, काहींनी 'ते इतके मुरले की वेगळी माणसे लागत नाहीत' म्हटले. मला यातून एवढेच दिसते, की पद्धत म्हणजे पदनाम नव्हे. ज्यांनी दोन दिवसांचा वर्ग करून स्क्रम मास्टरचे प्रमाणपत्र घेतले आणि त्यावर गृहकर्ज काढले, त्यांच्यासाठी ही बातमी गंभीर आहे.

आपल्याकडे दोरी कुणाच्या हाती?

आता आपल्या घरातल्या मुलांकडे येऊ. भारतीय संगणक-उद्योगाचा बराचसा धंदा परदेशी ग्राहकांचा आहे. ग्राहक न्यूयॉर्कला, गट पुण्यात. मध्ये उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर. जाहीरनाम्याबरोबरच्या बारा तत्त्वांत समोरासमोर बोलण्यावर भर आहे. आपल्याकडे ते समोरासमोर रात्री साडेनऊला, पडद्यावर होते. सकाळचे काम सकाळी, आणि रात्रीची पंधरा मिनिटे वाढत वाढत तासाची.

त्याहून मोठी अडचण अंदाजाची. गट दर पंधरवड्याला किती काम उचलू शकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी कामांना गुण देण्याची एक रीत आहे. हे गुण गटाने आपल्यापुरते वापरायचे असतात. पण ते कागदावर आले की कुणीतरी त्यांचा तक्ता करतो, एका गटाची दुसऱ्याशी तुलना करतो आणि 'मागच्या वेळी तीस होते, या वेळी पस्तीस का नाहीत?' असे विचारतो. या गुणांचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते त्या रॉन जेफ्रीज यांनीच २०१९ साली लिहिले, की आपण ते शोधले असतील तर आता त्याचे वाईट वाटते. स्क्रमच्या अधिकृत नियमांतून २०११ साली पंधरवड्याच्या कामासाठी वापरला जाणारा 'वचन' या अर्थाचा शब्द काढून त्या जागी 'अंदाज' या अर्थाचा घातला गेला. हा एका शब्दाचा बदल आमच्याकडे किती कार्यालयांत पोहोचला आहे? बँकेतही ठेवींचे उद्दिष्ट 'अंदाज' म्हणूनच येई आणि मार्चमध्ये ते 'वचन' होई. मग ३१ मार्चला ठेवी फुगत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या पुन्हा निघून जात. आकड्याचा चाबूक केला की माणसे काम वाढवत नाहीत, आकडा वाढवतात.

आणि तिसरी अडचण आपल्या मातीतली आहे. आपण लहानपणापासून 'वर तोंड करून बोलू नये' हे शिकतो. साहेबासमोर 'हे होणार नाही' म्हणणारा उद्धट ठरतो; 'होईल सर' म्हणणारा गुणी ठरतो. रोजच्या बैठकीत ज्याला 'मी अडलो आहे' असे म्हणता येत नाही, त्याच्यासाठी ती बैठक हजेरीपुस्तकच होते. मग पंधरवड्याच्या शेवटी दोन रात्री जागून काम पुरे केले जाते. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा तेच. वर्षाला सव्वीस पंधरवडे. लांब पल्ल्याच्या कामाला 'स्प्रिंट' म्हणजे शंभर मीटरची धाव हे नाव ज्याने दिले, त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्येक धावेनंतरची विश्रांती असेलही. कंत्राटात मात्र ती कुठे लिहिलेली नसते.

म्हणून सत्तर तास की चाळीस तास, हा वाद मला अपुरा वाटतो. खरा प्रश्न आहे तो तिथल्या माणसाला वाईट बातमी लवकर आणि न घाबरता सांगता येते की नाही, हा. ती सांगता आली तर काम बहुधा चाळीस तासांत बसते, कारण चुकीच्या गोष्टी करण्यात आणि मग त्या पुसण्यात जाणारे तास वाचतात. ती सांगता आली नाही तर सत्तर तासही पुरत नाहीत.

ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्यांनी त्यांना 'तुमचा स्प्रिंट कसा चालला आहे?' असे विचारण्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत. किती काम उचलायचे हे तुम्ही ठरवता की तुम्हाला सांगितले जाते? तुमचे काम जो वापरणार आहे त्याने ते शेवटचे कधी पाहिले? आणि 'हे होणार नाही' असे तुमच्या गटात शेवटचे कोण म्हणाले, आणि पुढे त्याचे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चटकन येतील. तिसऱ्याला थोडा वेळ लागेल. तो वेळ द्यावा. कंपनीच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या किती लावल्या आहेत यावरून कळणार नाही, इतके त्या उत्तरावरून कळेल.

टोयोटाच्या कारखान्यात ती दोरी कामगाराच्या डोक्यावर लोंबत असे, हाताला येईल इतक्या उंचीवर. दोरी बसवायला खर्च फार येत नाही. ती ओढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर मानाने घ्यायचे, एवढे मात्र व्यवस्थापनाला आधी ठरवावे लागते.